तार येण्याआधी

कुंडल,
माघ वद्य पंचमी, शके १८६७

प्रिय बनू,

तुझं पाकीट पोचलं. आत पत्र घालायला विसरली नाहीस, एवढ्यावरच मी देवापुढं साखर ठेवली. पण बाई, आजीला अक्षरओळख नाही हे कसं गं विसरलीस? वरच्या चार ओळी चक्क इंग्रजीत! मी कागद सुलटा धरला, उलटा धरला, उन्हात धरून पाहिला. दिवाळीला छत्री इथं विसरलीस, त्याआधी चपला विसरलीस, आता आजीचं अडाणीपण विसरलीस. पुढच्या खेपेला स्वतःलाच साताऱ्यात विसरशील आणि सर्व्हिस मोटारीतून नुसती ट्रंक घरी येईल.

हे पत्र मेहरुनबी लिहितेय, तुझ्या पत्रातलं मराठीही तिनंच वाचून दाखवलं. आपल्या बांगडीवाल्या इलियासची बायको, माहेरी चौथी शिकलेली. मी बोलते तसंच्या तसं उतरू नको, शिकल्या पोरीच्या हातात जायचंय, जरा शाळेतल्यासारखं लिही, असं मी तिला बजावलंय. ती म्हणते, आजी, तुमी दमानं बोला, माझा टाक लय अडतो. घरात दुसरं कुणी नाही. गुऱ्हाळ लागलंय, सगळे मळ्यात आहेत. तेवढ्यात उरकायचंय. आणि खरं सांगू, मी मेहरुनकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून सांगतेय. कशामुळं, ते कळेल तुला.

तुमच्या इंग्रजीच्या बाईंनी बोलायला तीन विषय दिलेत म्हणे: नवी यंत्रं, लग्नाच्या चालीरीती आणि थोर पुढारी. वर्गापुढं उभं राहून तिन्हींवर इंग्रजीत बोलायचं, म्हणजे जिभेला वळण पडतं, आणि मग पुढच्या महिन्यात मॅट्रिकची परीक्षा. आपल्या भावकीत त्या परीक्षेला बसणारी पहिली पोर तू. दिवाळीत रोज सांजच्याला माझ्यासमोर उभी राहायचीस आणि फडाफडा बोलायचीस. मी हुं हुं करायची. मला एक शब्द कळत नव्हता, पण तू कुठं अडखळलीस ते बरोबर कळायचं. तिथं मी मान हलवायची थांबायची आणि तू चिडायचीस. म्हशीपुढं बोलले असते तरी बरं, म्हणायचीस. अगं, म्हशीनं तुझी चूक धरली असती का?

लग्नाचं काय सांगू म्हणून मलाच विचारतेस! लालाकाका-साळूकाकीच्या लग्नात तू करवली होतीस. हातात शकुनाचा दिवा, आणि मंगलाष्टकांत उभ्या उभ्या झोपलीस. दिवा तिरका झाला आणि व्याह्यांच्या नव्या धोतराला तेल लागलं. व्याही रुसले. मग त्यांची समजूत काढायला सगळी गावकी. रुसणं हाही एक विधीच, ते लिही. नाहीतर माझं लग्न सांग. मी एवढीशी होते की मामानं कडेवर घेऊन बोहल्यावर आणलं. अंतरपाट खाली आला, समोर मिसरूड फुटलेला तुझा आजा. मी मामाच्या खांद्यात तोंड खुपसलं, ते अक्षता संपल्या तरी वर काढलं नाही. मला कुणी काही विचारलं नव्हतं. हे इंग्रजीत कसं म्हणतात ते बघ.

पुढारी म्हणशील, तर या पौषाच्या आधी आपल्या गल्लीत रंगुबाईच्या रखमाचं गांधी लग्न झालं. वाजंत्री नाही, रुखवत नाही, रुसायला कुणाला जागाच नाही. सुताच्या दोन माळा आणि एका पुढाऱ्याचं भाषण. तो बैलगाडीवर उभा राहिला आणि पहिल्यांदा रखमालाच म्हणाला, ताई, तुमच्या मनात आहे ना हे लग्न? रखमा हो म्हणाली, ते पार वेशीपर्यंत ऐकू गेलं. मग तो म्हणाला, पोरी शिकवा, त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं काही ठरवू नका. मी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की साळूकाकी म्हणाली, आत्याबाई, हात दुखतील. दुखायला हवे होते गं. चांगले मोडायला हवे होते.

आता यंत्र. तू विमान घेशील, रेडिओ घेशील. मी तुला तार घे म्हणेन. तू तेव्हा लहान होतीस, पण हे विसरली नसशील. लालाकाका मिसर देशाकडं लढाईवर होता. भर दुपारी तारवाला दारात आला. लढाईतल्या माणसाची तार म्हणजे काय, ते सगळ्या गावाला पाठ. कागद इंग्रजी, वाचणारं कुणी नाही. पण रडायला वाचावं कुठं लागतं? गल्ली गोळा झाली, आणि साळू जात्यावर बसली होती तिचे हात धरून आम्ही बायकांनी जात्याच्याच दगडावर बांगड्या फोडल्या. कुंकू मी पुसलं. आकाराम, तुझा बाप, रडत रडत तार घेऊन स्टेशनात गेला आणि तिथल्या बाबूकडून वाचून घेऊन दिवेलागणीला हसत आला. लालाला रजा मिळालेली, शनिवारी येतो म्हणून तार! एकाच कागदानं माझी सून दुपारी रांडावली आणि सांजच्याला परत सवाष्ण झाली. मेहरुन धावत आली आणि तिनं साळूचे हात भरले. कापलेल्या मनगटांवर बांगड्या चढवताना साळू हसत होती आणि कण्हत होती.

त्याच दिवशी मी आकारामला म्हटलं, या घरात तार वाचणारं माणूस पाहिजे, आणि ते बाईमाणूसच पाहिजे, कारण बांगड्या बायकांच्या फुटतात. म्हणून तू साताऱ्याला गेलीस. भावकी म्हणाली, म्हातारी बिघडली, पोरीला मडमीण करते. मी त्यांना पुरून उरले. ही तुझी आजी होती तेव्हा. आताची वेगळी आहे, ती ऐक.

मेहरुन आज बांगड्यांचं माप विचारायला आली होती. हिरव्या बांगड्या, आणि माप तुझं. इथं तिचा टाक थांबलाय. लिही गं बाई, लिही.

गेल्या आठवड्यात वाईकडचे पाहुणे आले. मुलगा फौजेत हवालदार. त्यानं तुला जत्रेत पाहिलंय म्हणे. मुलगा वाईट नाही, कान तेवढे मोठे आहेत. पण रजा होळीच्या आत संपते, म्हणून लग्नाची घाई. मी म्हणायला हवं होतं, पोरीची परीक्षा आहे, तिला विचारू, मग बघू. पण त्यांच्यातले थोरले उठले आणि सुपारी माझ्यापुढं धरून म्हणाले, आवं मोठ्या आई, पहिला मान तुमचा. बनू, जन्मात मला कुणी पहिला मान दिला नव्हता. मी हात पुढं केला. टाळ्या वाजवलेला तोच हात. आणि मला बरं वाटलं गं, तीच तर लाज आहे. आकाराम म्हणाला, गांधी लग्न करू, दोन माळा आणि भाषण, झटक्यात होतं. त्या पुढाऱ्यानं आधी पोरीला विचारलं होतं, तेवढं तो विसरला. विसरणं तुमच्या घराण्यातच आहे.

मग प्रश्न आला, परीक्षा सोडून बनी येते कशाला? तेव्हा तुझा बाप आणि लालाकाका ओसरीवर बसून तारेचे शब्द जुळवायला लागले. लालाचं फौजेतलं इंग्रजी. त्यात ग्रँडमदर ऐकू आलं. तो शब्द तूच मला दिवाळीत शिकवलेला, शेंगा फोडता फोडता. मी म्हटलं, ग्रँडमदर तर मी, मला काय झालंय रं? दोघं जमिनीकडं बघायला लागले. ग्रँडमदर सीरियस, असा मजकूर ठरलाय. आकाराम म्हणाला, आई, तू काय बी करू नगंस, नुसतं पडून ऱ्हा. साळू दारात उभी होती. तिनं मनगटावरच्या बांगड्या नुसत्या मागं सारल्या, तिथं अजून पांढरा वण आहे, आणि आत गेली. तरीही मी पडून राहिले. तेव्हापासून घोंगडीवर पडलेय. तू तिकडं इंग्रजीचा सराव करतेस, मी इकडं आजारपणाचा. खोकला चांगला जमतो, कण्हणं अजून कच्चं आहे. गावाला खरं वाटावं म्हणून पेजेशिवाय काही देत नाहीत. बिराप्पा धनगर काल बघायला आला आणि रडून गेला, त्या भल्या माणसाकडं मला बघवेना.

म्हणून हे लिहिलंय. तार बुधवारी सुटेल. त्याआधी इलियास माल आणायला साताऱ्याला येतोय, हे पत्र तो तुझ्या हातात देईल. मी मरत नाही, बनू. तार आली तर वाच, वाचायलाच तर तुला शिकवलं, पण येऊ नकोस. परीक्षा दे. मग तो मोठ्या कानांचा तुझ्या मनात आला तर कर लग्न, नाही आला तर नको करू, सुपारी परत करायला मी स्वतः वाईला जाईन. आकारामला हे तोंडानं सांगायचं धाडस मला झालेलं नाही. ते तू मला दे. मला माफ केलंस असं पत्रात लिहू नकोस, इथं वाचायला परत मेहरुनलाच बोलवावं लागेल. त्यापेक्षा इलियासच्या हाती पाव शेर कंदी पेढे धाड. पेढे आले की घोंगडी गुंडाळून ओसरीत येऊन बसेन आणि दोन्ही लेकांदेखत, गल्लीदेखत एकेक करून खाईन. मग पाठवा म्हणावं तार. तेवढे पेढे विसरू नकोस, आणि चांगले खरपूस भाजलेले बघून घे.

तुझीच, पेजेवर ठेवलेली पण धडधाकट,
राहीबाई आजी
(अंगठा माझा आहे. शाई जास्त लागली, ती मेहरुनची चूक.)