तिन्ही सर्व्हर म्हणतात, मीच मालक

३ नोव्हेंबर
कापसाच्या कंपनीत लागलो. कॉम्प्युटर सांभाळायचे. आठवडाभर ट्रायल. सोमवारी, १० तारखेला कापूस खरेदी सुरू. ती सुरळीत झाली तर परमनंट. आई म्हणाली, आतातरी एका जागी टिक. टिकणार. मागच्या चार नोकऱ्या मीच सोडल्या. दोन त्यांनी सोडायला लावल्या. संकल्प : रोज सहाला उठणे. डीएनएस शिकणे.

४ नोव्हेंबर, सकाळी ९.४० (उठलो)
डीएनएस समजलं. व्हिडिओ साडेतीन मिनिटं पाहिला, मग जेसीबीचा लागला, तो पूर्ण पाहिला. कॉम्प्युटर नाव विचारतो, सर्व्हर पत्ता सांगतो. नावांची जी यादी, तिला झोन म्हणतात. आमचे सर्व्हर तीन, प्रत्येक ऑफिसात एक : आदिलाबाद, बेला, नेरडीगोंडा.

५ नोव्हेंबर
आदिलाबादच्या सर्व्हरला विचारलं, झोनचा मुख्य कोण? म्हणे मीच. बेल्याच्याला विचारलं. मीच. नेरडीगोंड्याचाही तेच. दोघं नक्की खोटं बोलून राह्यले. मॅनेजर उद्धवरावांना घोटाळा सांगितला. म्हणाले, चालून राह्यलं ना बाप्पा, मंग काऊन हात लावतं? तांत्रिक ज्ञान नसलेल्यांशी वाद घालू नये.

६ नोव्हेंबर
नेरडीगोंड्याला समक्ष चौकशी. वाटेत कुंटाला धबधब्याची पाटी दिसली. दोन मिनिटं थांबलो. ऑफिस पाचला बंद होतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

७ नोव्हेंबर
बेला. इथल्या क्लार्क प्रणिताताई. चहा दिला, वर शिकवणीही. म्हणे, आमच्या घरी तिघं काका. कोणालाबी विचारा घर कोणाचं, तो म्हणते माहं. खोटं हाय का? चूल एकच. थोरल्यानं दार लावलं तरी लागते, धाकट्यानं लावलं तरी लागते. तसंच, झोन एकच, डिरेक्टरीत, म्हणजे तिन्ही सर्व्हरच्या सामाईक वहीत, ठेवलेला. कुठूनही बदला, तिन्हीकडे बदलतो.
घरगुती उदाहरणं. ताई बी.ए. माझे दोन डिप्लोमे. दोन्ही अर्धे, म्हणजे मिळून एक पूर्ण.

८ नोव्हेंबर
निर्णय : आदिलाबादचा झोन असली, बाकी दोन नकली. परत बेल्याला गेलो. ताई जेवायला गेल्या तेव्हा बेल्याचा डिलीट केला. लांबलचक इंग्रजीत इशारा आला. येस. अजून एक आला. येस. मग नेरडीगोंड्याचा उघडला, तर तो आधीच गेलेला! निम्मं काम आपोआप. आईला फोन केला : परमनंट समज.

९ नोव्हेंबर
रविवार. उद्धवरावांचे सहा फोन. अभिनंदन उद्या घेऊ.

१० नोव्हेंबर, दुपारी
गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरला सर्व्हरच सापडत नाही. असली झोनही गेला. शेतकरी ओरडून राह्यले, काटा का मुका झाला का? उद्धवरावांनी मला बाजूला सारून बेल्याला फोन लावला. शेवटी प्रणिताताईंनी बेल्यातून झोन परत आणला. शुक्रवारीच बॅकअप घेऊन ठेवला होता म्हणे. काऊन, विचारलं. म्हणाल्या, तुमी चहा पिऊन राह्यले होते, तवाच तुमचं तोंड पाहून वाटलं.

सायंकाळी ६
माझं लॉगिन आदिलाबादला बंद. गाडी काढली, नेरडीगोंड्याला गेलो, यावेळी कुठेही न थांबता. तिथंही बंद. बेल्याला फोन लावला. ताई म्हणाल्या, हो, साहेबांनी सांगितलं, मीच केलं मघाशी, इथूनच.
म्हणजे दार धाकट्यानं लावलं तरी लागते.
आई विचारून राह्यली, परमनंटचा कागद केव्हा मिळते.