पश्चिमेस विहीर, पूर्वेस सामाईक भिंत

तीर्थरूप मामा,

तुमच्या पायांशी नमस्कार. मामींनाही तितकाच, आणि वर थोडा जास्त, कारण निघताना डबा त्यांनी भरून दिला होता. तुमचा गुडघा कसा आहे? आईचा खोकला थांबला का? गिरणीचा पट्टा बदलला, की दुपारची अजून तशीच करकरते? मी सुखरूप आहे. खोली हवेशीर आहे, जेवण गरम मिळतं, अंथरूण माझं मीच उन्हात घालते. एक मात्र नक्की कळवा : हे पत्र तुमच्या हातात कुणी दिलं? का विचारते ते शेवटी सांगितलं आहे. कृपा करून शेवट आधी वाचू नका. (तुम्ही वाचता. माझ्या पदवीच्या निकालाचं पत्रसुद्धा तुम्ही खालून वर वाचलं होतंत, आणि सहीवरूनच मला नापास समजून आईला पाणी दिलं होतंत.)

मी निघाले तेव्हा सगळ्यांनी तुम्हाला विचारलं होतं, की पोरगी वकील झाली, घराण्यातली पहिली पदवी घरात आली, आता हे आणखी दीड वर्ष कशाला? तुम्ही म्हणालात, "एकाचं घर दुसऱ्याचं कसं होतं, ते शिकायला चाललीय." मामा, याहून नेमकी व्याख्या मला इथल्या एकाही पुस्तकात सापडलेली नाही. मालमत्तेच्या हस्तांतरणाचं शिक्षण म्हणजे हेच. पण ते कसं होतं हे पाहिल्यापासून मी रोज थक्क होते आहे. आम्हाला पहिल्याच आठवड्यात नोंदणी कार्यालयाच्या जुन्या दस्तांच्या दालनात नेलं. जमिनीपासून छतापर्यंत लाल कापडात बांधलेले गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्यात शे-दोनशे माणसं, 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' अशी समोरासमोर बसलेली, कुणी सही करून, कुणी अंगठा उठवून. एक अंगठा तर इतका ठसठशीत होता, की त्यावरच्या रेषांत मला नांगरलेलं शेत दिसलं. आणि भाषा! घर विकताना माणूस नुसतं घर विकत नाही, "त्यातील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह" विकतो, आणि तेही चंद्रसूर्य असेतोवर. दोन खोल्या आणि एक मोरी यांच्या विक्रीला चंद्र आणि सूर्य साक्षीला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (धूळही होती, पण सगळं पाणी धुळीचं नव्हतं.)

आम्हाला शिकवणाऱ्या बाईंना सगळे पट्टीबाई म्हणतात. त्या मारत नाहीत. पण दस्त वाचताना ओळीखाली लाकडी पट्टी धरतात आणि ती ओळ पुरती समजल्याशिवाय पट्टी खाली सरकत नाही. एकदा एका ओळीवर पट्टी पाऊण तास थांबली होती. माझ्या शेजारी बसणारा मुलगा तीन पिढ्यांच्या वकिलांच्या घरचा आहे (त्याला आम्ही 'तिसरी पिढी' म्हणतो). तो जांभई देत म्हणाला, "बाई, हे तर माझे आजोबा झोपेत सांगतील." पट्टीबाई शांतपणे म्हणाल्या, "झोपेतच सांगत असतील. म्हणून तर त्यांच्या दस्तांच्या दुरुस्त्या मी आयुष्यभर करते आहे." त्या दिवसापासून मी त्यांच्या वर्गात पाठ टेकून बसत नाही.

तुमचं काम मी विसरलेले नाही. तुम्ही फाटकापाशी सांगितलं होतंत, "शिकून ये, आणि पहिला दस्त ताईच्या खोल्यांचा लिही. उद्या मी नसलो तर तिला कुणी ऊठ म्हणता कामा नये." मामा, वीस वर्षं आई त्या मागच्या दोन खोल्यांत राहते आहे आणि तुम्ही एकदाही तिला ते जाणवू दिलं नाहीत. म्हणून मी ते बक्षीसपत्र अभ्यास म्हणून लिहायला घेतलं. भाऊ म्हणून तुम्ही काय काय केलंत ते मी दीड पान लिहिलं. माझी फी, आईची शिलाई-यंत्राची जागा, तिला झोप लागावी म्हणून गिरणीकडची खिडकी तुम्ही स्वतः बुजवलीत ते, सगळं. पट्टीबाईंनी पट्टी लावली, एकेक ओळ खोडत गेल्या आणि शेवटी चारच शब्द ठेवले : 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी'. मी रडकुंडीला आले. त्या म्हणाल्या, "कायद्याला एवढं पुरतं. बाकीचं दीड पान आईला वाचून दाखव." ते पान मी जपून ठेवलं आहे.

मग त्या म्हणाल्या, देणाऱ्याचं घर खरंच देणाऱ्याचं आहे का ते आधी बघ. मला थोडा रागच आला. तुमच्या कागदांबद्दल शंका! "आपले कागद पक्के आहेत" हे वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकले. (ते कागद ट्रंकेत, तीन पिशव्यांच्या आत असतात आणि कुणालाही, तुम्हालासुद्धा, उघडू दिले जात नाहीत.) पण इथे प्रत्येकाला एका खऱ्या घराचा मागचा सगळा प्रवास काढावाच लागतो, म्हणून मी आपल्याच घराच्या खरेदीखताची नक्कल मागवली. बावीस वर्षांपूर्वीचा कागद, तुमची तरुण सही. (तेव्हा तुम्ही सहीखाली दोन रेघा मारायचात. का सोडलंत? छान दिसतात.) आणि पुढे घराच्या चार बाजू : "पश्चिमेस विहीर, पूर्वेस सामाईक भिंत."

मामा, आपल्या घराच्या पश्चिमेला विहीर नाही.

मला आधी वाटलं, की विहीर हलली असेल. (हसू नका. दोन दिवस मी खरोखर विहिरींचा इतिहास शोधत होते.) मग मी डोळे मिटून आपल्या ओट्यावर उभी राहिले. सकाळचं ऊन आपल्या स्वयंपाकघरात येतं, म्हणजे पूर्व आपल्याकडे. त्या बाजूला गिरणीची बोळ. सामाईक भिंत आपल्या पश्चिमेला, आणि भिंतीच्या पलीकडे... पलीकडचे. विहीर त्यांच्या अंगणालगत आहे. मी पलीकडच्या काकांच्या खरेदीखताचीही नक्कल मागवली. त्याच दिवशीची, त्याच माणसाकडून घेतलेली, त्याच दस्तलेखकाच्या हातची. "पूर्वेस गिरणीची बोळ, पश्चिमेस सामाईक भिंत." थोडक्यात, मामा, कागदावर तुम्ही विहिरीकडचं घर घेतलं आहे आणि त्यांनी गिरणीकडचं. बावीस वर्षं तुम्ही त्यांच्या घरात राहता आहात आणि ते तुमच्या. ज्या माणसाला तुम्ही अकरा वर्षं नाव न घेता 'पलीकडचा' म्हणता, तो कायद्याने अलीकडचा आहे. पलीकडचे तुम्ही.

हे झालं कसं, ते विचारायला मी घर विकणाऱ्या आजोबांना शोधून काढलं. ते याच शहरात मुलीकडे राहतात, कानाने ठणठणीत आहेत. ते हसत सुटले. त्या दिवशी दस्तलेखक ओट्यावर, घरांकडे पाठ करून बसला होता. तुम्ही अंगणात, घरांकडे तोंड करून उभे होतात. त्याने विचारलं, तुमचं कुठलं? तुम्ही ऐटीत म्हणालात, "उजवं." त्याने त्याचं उजवं लिहिलं. मग काकांना विचारलं, ते म्हणाले, "मग माझं डावं." त्याने त्याचं डावं लिहिलं. एकानेही बोट दाखवलं नाही! माझ्या अंगावर अजून काटा येतो. चंद्रसूर्य असेतोवरचा व्यवहार, आणि एक माणूस पाठ करून बसला एवढ्यावर उलटा झाला. आजोबा म्हणाले, "दुरुस्तीपत्रावर मी कधीही सही करीन, पोरी. पण त्या दोघांना एका बाकावर तू बसवणार कशी?"

अडचण तीच तर आहे. दुरुस्तीपत्रावर तुम्हा दोघांना सही करावी लागेल, एकाच दिवशी, एकाच टेबलाशी. ते झाल्याशिवाय आईच्या खोल्यांचं बक्षीसपत्र म्हणजे तुम्ही काकांच्या घरातल्या खोल्या आईला दिल्यासारखं आहे. (आणि उद्या काकांनी मनात आणलं तर आईलाच काय, तुम्हालाही ऊठ म्हणतील. म्हणणार नाहीत. पण तुमची भीती तीच होती ना?)

हे सगळं मी वर्गात वाचून दाखवलं, तेव्हा कुणीतरी भांडणाचं कारण विचारलं. मी शिडीची गोष्ट सांगितली. तुम्ही गच्चीवर जायला काकांची लाकडी शिडी मागून आणलीत, ती परत द्यायची राहिली, त्यांनी चारचौघांत मागितली, आणि तुम्ही त्याच संध्याकाळी तिचे पाय मागच्या भिंतीशी सिमेंटमध्ये पुरलेत. "आता ने म्हणावं." वर्ग हसला. पट्टीबाई हसल्या नाहीत. त्या फळ्याकडे गेल्या आणि तास संपेपर्यंत आपल्या शिडीवर बोलल्या. टेकवलेली शिडी ही जंगम वस्तू. पुरलेली शिडी घराचा भाग होते. ज्याचं घर, त्याची शिडी. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि कागदावर ते घर कुणाचं?" सगळा वर्ग एकदम उभा राहिला, मामा. तिसरी पिढीसुद्धा. तुम्ही जी शिडी काकांना कधीच मिळू नये म्हणून सिमेंटमध्ये पुरलीत, ती त्याच संध्याकाळी कायद्याने त्यांना परत केलीत. एवढी सुंदर गोष्ट मी आयुष्यात ऐकली नव्हती.

पण खोलीवर परतताना मला दुसरीच एक गोष्ट आठवली आणि ती सुंदर वाटली नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी एका सकाळी काका आपल्या दाराशी आले होते. हातात कापडी पिशवी होती. तुम्ही त्यांना पाहून दाराला कडी घातलीत. हा किस्सा तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगता : "शिडी न्यायला रिकामी पिशवी घेऊन आला होता!" सगळे हसतात, मीही हसायची. शिडी पिशवीत मावत नाही, मामा. त्यांच्या खरेदीखताची नक्कल मागवणाऱ्यांच्या नोंदवहीत माझ्या आधी एकच सही आहे. काकांची, सहा वर्षांपूर्वीची. त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं. सांगायला आले होते. आपण आतून कडी लावली. त्यानंतर ते कुणाशी काही बोलले नाहीत. आपल्याला कधी ऊठही म्हणाले नाहीत.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला शेकत जा. मामींना सांगा, डब्याचं झाकण हरवलेलं नाही, माझ्या खोलीतल्या मुलीने त्यावर शाईची बाटली ठेवली आहे.

तुमची भाची

ता. क. : येत्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी अकराला नोंदणी कार्यालयात यायचं आहे. दुरुस्तीपत्र मी लिहिलं आहे, पट्टीबाईंनी पट्टी लावून तपासलं आहे. अभ्यासक्रमात माझा पहिला दस्त म्हणून तेच धरतील. दुसरा आईचा. ट्रंक उघडा, तिन्ही पिशव्या उघडा, मूळ कागद आणा. आणि काकांना बरोबर आणा. आजोबांना मी घेऊन येते. बाक एकच आहे, मी मोजून आले.

ता. क. २ : घरं ज्याची त्याला झाली की शिडी पुन्हा तुमच्या घराचा भाग होईल, आणि मग ती तुम्ही खरोखरच लाटलेली ठरेल. म्हणून मी एक कलम घातलं आहे : शिडीवरून गच्चीवर जाण्याचा हक्क काकांना, चंद्रसूर्य असेतोवर. बाई म्हणाल्या, चंद्रसूर्य आता कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, असू द्या. त्यांनी पट्टी खाली सरकवली.

ता. क. ३ : आता पत्र कुणी दिलं हे का विचारलं ते. आम्हाला शिकवलं आहे, की माणसाला कळवायचं ते कागदोपत्री असलेल्या पत्त्यावरच कळवावं. म्हणून पाकिटावर तुमच्या नावाखाली मी 'जोडघरांपैकी पश्चिमेचं, विहिरीलगत' असं लिहिलं आहे. आई म्हणत होती, नवा पोस्टमन माणसं ओळखत नाही, पत्ताच वाचतो. तेव्हा तुम्ही हे वाचत असाल, तर काका ते घेऊन तुमच्या दाराशी आले असणार, आणि या वेळी तुम्ही कडी काढली असणार.

ते अजून ओट्यावर उभे असतील तर त्यांना आत बोलवा.