भाऊंचा मातकट कोट

जळगाव, ४ जानेवारी २०२४

ती. प्रेमराजभाऊंना नूतनचा शि. सा. न.

तुमच्या लग्नात तुम्ही म्हणाला होतात, "हिच्या हाती कॅमेरा देऊ नका, ही माणसांची मुंडकी उडवते." चोवीस वर्षं झाली, घरच्या कुठल्याही कार्यात अजून कोणी माझ्या हाती कॅमेरा देत नाही. म्हणून मी पाखरांकडे वळले. ती तक्रार करत नाहीत.

आमच्या वाचनालयात पाणपक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. फोटो वीस तारखेपर्यंत द्यायचाय. मी एक जुनी, स्वस्तातली टेलिलेन्स घेतलीय. तीस पावलांपलीकडचा बगळा तिच्यातून दोरीवरच्या बनियनसारखा दिसतो, आणि जवळ गेलं की उडतो. कोकिळावहिनी सांगत होत्या, सोनगीरच्या आपल्या शेततळ्यावर चमचे आलेत, चपट्या चोचीचे चार पांढरे पक्षी, आणि तुम्ही शेजारून गेलात तरी मान वर करत नाहीत. मला वाटतं, ते तुमच्या मातकट कोटाला सरावलेत. एका सकाळपुरता कोट द्याल का? फोनवर तुम्ही पुरतं ऐकून घेत नाही, म्हणून पत्र.

लोभ आहे तेवढा तरी राहू द्यावा.
नूतन

सोनगीर, ९ जानेवारी

चि. सौ. नूतनला अ. उ. आ.

कोट मिळणार नाही. तो मी तुझ्या वहिनीला धुवायलाही देत नाही. पाखरं कापड ओळखत नाहीत, माणूस ओळखतात. रविवारी ये. मोटार आठपर्यंत बंद ठेवतो. कांद्याचं पाणी लांबेल, त्याचं पाप तुझ्या डोक्यावर. मी तुला जवळ नेतो. तू मागे राहायचं आणि बोलायचं नाही. तुला जमणार नाही, तरी सांगतो. केळी आणू नकोस, मागची अजून पिकतायत.

माया आहेच, दर वेळी लिहायला लावू नये.
प्रेमराज

जळगाव, १६ जानेवारी

ती. भाऊंना शि. सा. न.

दोन दिवस तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून सगळं लिहून कबूल करते. तुम्ही दाढी करत होतात तेव्हा वहिनींनी कोट मला दिला. तो घालून मी बांधावर बसले. वीस पावलांवर चौघं निवांत चिखलात चोची फिरवत होते. मी फोकस जुळवत होते, तेवढ्यात तुम्ही आलात, फोटोत यायचं म्हणून कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. चौघंही एकदम उडाले. वहिनी मागून म्हणाल्या, "बठ्ठा उडी ग्यात." हसल्या त्या. मी कॉलरमध्ये तोंड घातलं होतं, एवढंच.

सदुसष्ट फोटोंत एकच स्वच्छ आलाय. वर चार चमचे उडतायत, आणि खाली तुम्ही दोन्ही हात पसरून त्यांना थांबायला सांगताय. कालपासून तोच बघत बसलेय. तुमचं डोकं पूर्ण आलंय, भाऊ. केस इतके पांढरे झालेत, हे समोर असताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

हाच फोटो मला प्रदर्शनात लावायचाय. रागावलेले असलात तरी माया करत राहा, आणि वीस तारखेच्या आत फोन करून एवढंच सांगा, की लाव. नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी विचारते.

तुमची नूतन