पंच्याण्णव अक्षरांची ओळख

सोमवार, ३
नवी नोकरी, नवी वही! नवाला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. तिसरा मजला, लांबट खोली, अकरा टेबलं, त्यातलं खिडकीजवळचं माझं. खुर्ची कुरकुरत नाही. छापखाना बंद पडला तेव्हा मेहुणा म्हणाला होता, आता या वयात तुम्हाला कोण विचारतंय? विचारलं की!

काम माझ्या हातचंच आहे. लोकांच्या जाहिराती, सूचना, परिचय ऑनलाइन टाकायचे असतात. प्रत्येक ठिकाणी अक्षरांची मर्यादा असते. मजकूर त्या मर्यादेत बसवून द्यायचा. शेजारच्या टेबलावरच्याला सगळे मफलर म्हणतात. भर उकाड्यात गळ्याला मफलर, आणि वर मलाच विचारतो, पंखा मोठा करू का.

प्रमुख बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. म्हणाल्या, काका, आधी कंपनीच्या पानावर स्वतःची ओळख भरा. मर्यादा पंच्याण्णव. संगणकावरच्या मोजणीच्या खिडकीत घालून बघा, जास्त झालं तर शेपूट आपोआप तुटतं. मी म्हटलं, बाई, पंचवीस वर्षं डोळ्यांनी मोजतोय, खिडक्या तुमच्या तुम्हाला लखलाभ. मग लिहिलं:

पंचवीस वर्षं मुद्रितशोधक. शिक्षण स्वतःचं स्वतः. अक्षर सुंदर. गाता येतं. राहतो आई, बायको आणि मुलीसोबत.

मोठ्यांचा मान आधी, म्हणून लेक शेवटी. मोकळ्या जागा नि टिंबांसकट पासष्ट भरली. तीस शिल्लक! बटण दाबलं आणि ऐटीत चहा प्यायलो.

मंगळवार, ४
काल घरी ताटं तीनच वाढलेली. लेक कुठे विचारलं, तर बायको म्हणाली, कुणाची लेक? आधी वाटलं, मायलेकींनी मिळून माझी फिरकी घेतलीय. तिच्या टेबलाच्या जागी शिलाई मशीन होतं. फोनमध्ये तिचा नंबर नाही. आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, झालं नाही मूल, आता पुन्हा कशाला उकरतोस? सतरा वर्षांची आहे माझी मुलगी! दोन महिन्यांवर परीक्षा आलीय तिची. मी ताट भिंतीवर फेकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आज कार्यालयात माझं पान उघडलं. शेवट असा: बायको आणि मुल. तिथेच तुटलेलं.

खिडकीत घालून मोजलं. एकशे एक. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं यंत्र सुटं सुटं धरतं. मुद्रितमधला द्रि माझ्या डोळ्यांना एक, त्याला चार. गाढवा, बाई सांगत होत्या ना?

गाता येतं, एवढं पुसलं. नव्वद झाली. बटण दाबलं आणि दहा मिनिटांत फोन. लेकच. बाबा, येताना वही आणा, आणि गेल्या वेळसारखी एकेरी नको, असं तणतणून ठेवूनही दिला. जिन्यात बसून रडलो. मग आनंदानं एक ओळ गुणगुणायला गेलो.

गळ्यातून नुसती हवा आली.

बुधवार, ५
बाईंना तोंडावर विचारलं, हा काय हलकटपणा आहे? त्या शांतपणे म्हणाल्या, मर्यादा वरून येते, काका. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही ठाऊक नाही. मग सोडतो नोकरी, म्हटलं. त्यावर म्हणाल्या, सोडणाऱ्याचं पान अख्खं पुसलं जातं.

अख्खं. आधी सांगायला काय धाड भरली होती?

सोमवार, १०
मर्यादा साठ. दर सोमवारी उतरते म्हणे. मफलरचं पान पाहिलं. त्यावर एकच शब्द आहे: मफलर. घरी कोण असतं विचारलं, तर बराच वेळ विचार करून तो हसला. म्हणाला, पंखा मोठा करू का.

अक्षर सुंदर, गेलं. शिक्षण स्वतःचं स्वतः, गेलं. पंचावन्न उरली. ही नोंद माझीच आहे, पण अक्षर कोंबडीचे पाय. लहानपणी रद्दीतली पुस्तकं वाचून मी शिकलो. काय वाचलं होतं, कुठलं— एकही नाव आठवत नाही. चोरांनो, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं होतं!

पण घरी तिघी आहेत. लेकीनं भांडून माझ्या ताटातली भाजी पळवली. पळव बाई.

सोमवार, १७
तीस. पंचवीस वर्षं मुद्रितशोधक, हे काढलं. एकोणतीस. बसलं.

दुपारी एक जाहिरात समोर होती. चूक कुठेय ते दिसेना. तासभर बघत बसलो. बाई पाठीमागून म्हणाल्या, राहू द्या काका.

काका म्हणू नका मला. टेबलावर मूठ आपटली. कुणी मान वर केली नाही.

सोमवार, २४
बारा.

आधी वाटलं, संपलं. मग डोकं चाललं. अजून चालतं! राहतो, आणि, सोबत हे शब्द काढले. स्वल्पविराम काढला, टिंब काढलं, मधल्या जागा काढल्या. आईबायकोमुलगी. खिडकीत घालून मोजलं. बरोबर बारा. घ्या, बाई! तिघींतली एकही देणार नाही.

मंगळवार, २५
किल्ली लागत नाही. राहतो काढलं ना मी. आता तिथे राहत नाही.

घराच्या खिडकीतून पाहिलं. तिघी पलंगावर बसल्यात. मध्ये जागा नाही. खांद्याला खांदा, म्हणजे— खांदा कुठला कुणाचा ते— आईचा हात बायकोच्या दंडातून— लेकीचे केस—

तिघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. हाक मारली. आवाज एकच.

शुक्रवार, २८
घराबाहेर जिन्यात झोपतो. पान बदलता येत नाही. पहिला आठवडा सरला की सोमवारीच उघडतं. बाईंच्या टेबलावरचं सगळं खाली ढकललं. त्यांनी वेचलं. रागवा तरी! रागावल्या नाहीत.

आज खिडकीशी तो एक आवाज हळूच म्हणाला, हिला सोडवा. आमचं काय, आम्ही जगलो. पोरीचा श्वास कोंडतोय.

हे आई म्हणाली की बायको— दोघीही. मी नाही म्हणालो. ओरडून नाही म्हणालो. काचेवर डोकं आपटलं.

सोमवार, ३१
पाच.

मुलगी. म, उकार, ल, ग, वेलांटी. पाच. यंत्रासारखं मोजलं. चारदा मोजलं.

आई, तुला मी— नाही, लिहिता येत नाही. बायकोला शेवटचं काय बोललो होतो? भाजीत मीठ कमी आहे, असलं काहीतरी. थू माझ्यावर.

दाबलं.

धावत आलो. दार उघडं आहे. ती उभी आहे. एकटी, मोकळी, दोन हात, दोन पाय, श्वास घेतेय. छान घेतेय. वही भिंतीला टेकवून लिहितोय.

तिनं विचारलं, कोण पाहिजे तुम्हाला. परक्या माणसाला विचारतात तसं. पानावर नुसती मुलगी आहे, कुणाची ते नाही. दार थोडं पुढे लोटलं.

सांगतो. आत्ता सांगतो. अगं, मी तुझा