जुनी जागा पुसायची राहिली

मंगळवार, ४ मार्च

आधी आली भिंगरी, मागून तिची आई! दात चकचकीत करणारा आमचा पॉलिशवाला सकाळपासून म्हणत होता, 'आजी, मशीनसाठी वहिनी कशाला येतात आता, कंपनीचा माणूस येईल.' आला का कंपनीचा माणूस? सूनच आली, खांद्याला ती काळी पिशवी. नातीने चपला काढायच्या आधीच विचारलं, 'आजी, तुझे दात कुठेत?' घाईत वाटीतच राहिले होते! कवळ्या करणाऱ्याची आई आणि दारात बोळकं घेऊन उभी.

पुढच्या दोन खोल्यांत आमच्या चिरंजीवांची लॅब. डॉक्टर लोक तोंडाची मापं पाठवतात, हा दात करून देतो. पूर्वी माप गुलाबी मेणात यायचं, आता कॉम्प्युटरवर चित्र येतं. त्या सगळ्या चित्रांची रोज रात्री नक्कल होते. ते मशीन माझ्या खोलीशेजारच्या कोठीत असतं. त्याला बॅकअप म्हणतात. सुनेनेच बसवलंय, इथे राहत होती तेव्हा. आता दोघं वेगळी राहतात. चूक कोणाची ते मी लिहिणार नाही. दोघांचीही थोडी थोडी, त्याची जास्त. लिहिलंच शेवटी!

काम काय ते मी विचारून घेतलं. मशीनमध्ये शनिवारी नवं सॉफ्टवेअर चढवायचंय. कुठली नक्कल कुठे ठेवलीय हे ज्याला ठाऊक असतं त्याला डेटाबेस म्हणतात, आणि तो बसलाय नेमका जुन्या सॉफ्टवेअरच्या खणात. नव्या सॉफ्टवेअरला आपल्या खणात दुसरं कुणी खपत नाही. म्हणून आधी डेटाबेस दुसऱ्या डिस्कवर न्यायचा. 'आणि वाटेत हरवला तर गं?' विचारलं. म्हणाली, 'तर नकला असून नसल्यासारख्या, आई. गोदाम भरलेलं आणि कोठीवाला मुका.'

अजून मला आईच म्हणते.

नवं सॉफ्टवेअर बसलं की पुढे सगळं कंपनीवाला बघणार. चिरंजीवांनी ठरवलंय. म्हणजे मग हिला इथे यायला निमित्त उरायचं नाही. भिंगरी तरी एकटी कशी येणार?

बुधवार, ५ मार्च

कोणी आलं नाही. गुडघा दुखतोय. दात घालून बसले होते, उगाच.

गुरुवार, ६ मार्च

आज हलवाहलव. बाई गं, काय झालं!

सुनेने आधी मशीनचं काम थांबवलं. चालू असताना हलवायचं नसतं म्हणे, जेवत्या माणसाचं ताट ओढू नये तसं. मग मशीनला नवा पत्ता दिला आणि डेटाबेस त्या जागी उतरवायला लावला. बराच मोठा, वेळ लागणार होता. म्हणून मी तिला चहाला बोलावलं. भिंगरी बिस्किटं बुडवून बुडवून कपात चिखल करत होती. सून हसली सुद्धा. बऱ्याच दिवसांनी पाहिलं ते हसणं, समोरच्या दातांत जरा फट आहे तिच्या. चिरंजीवांना ती फट बुजवून द्यायची होती एकदा. तेव्हाही भांडण झालं होतं!

तर तेवढ्यात आमचे चिरंजीव गेले कोठीत, आणि अर्धंच उतरलेलं असताना केलं मशीन चालू! का? तर म्हणे, 'झालं असेल वाटलं.' पडद्यावर काय आलं, तर नकला: शून्य. सहा वर्षांतली तोंडं, शून्य! असा ओरडला, 'गेलं सगळं!' मला वाटलं विजेचा झटकाच बसला.

सून कप खाली ठेवून उठली. बघितलं. म्हणाली, 'गेलं काही नाही. नव्या जागी मशीनला पुरतं काही सापडलं नाही, म्हणून त्याने नवा कोरा डेटाबेस मांडून घेतला.'

'मग आता?'

'जुना अजून जागच्या जागी आहे. मी जुनं आधी कधी पुसत नाही.'

याचा हात परत बटणाकडे. ती पुढे म्हणाली, 'तुला दम धरवत नाही. कधीच धरवला नाही.' आता ते मशीनबद्दल होतं का, ते मी ठरवत बसले नाही. भिंगरीला घेऊन ओट्यापाशी गेले, आणि कान मात्र कोठीतच ठेवले.

कोरा काढून टाकला. पुन्हा पहिल्यापासून उतरवला. या खेपेला चिरंजीव स्टुलावर हाताची घडी घालून बसलेले, शाळेत बाकावर बसवल्यासारखे. पूर्ण उतरल्यावर नवा पत्ता एकदा तपासला, मशीन चालू केलं. सगळी तोंडं हजर!

जुना मात्र तिने टाकला नाही. खणाबाहेर काढून तिथल्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात बांधून ठेवला. पंधरा दिवस नीट गेले की पुसायचा.

शुक्रवार, ७ मार्च

सून लेबलं लावत बसलीय. प्रत्येक वायरीला एक, प्रत्येक भोकाला एक. मशीनच्या कुशीवर एक मोठं लेबल लावलंय. ते मी अक्षर अक्षर लावून वाचलं: जुना डेटाबेस पुसायला इथे जा, मग हे दाबा.

मी पोट कापायला दवाखान्यात गेले होते, त्याच्या आदल्या दिवशी मीही असंच केलं होतं. मीठ, साखर, सोडा, सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या. राहणारी बाई डब्यांवर नावं घालत नाही. तिला ठाऊकच असतं.

गोंद संपला म्हणाली, तो शोधून दिला. काय हा माझा वेडेपणा, गोंद दिला!

शनिवार, ८ मार्च

चढलं नवं सॉफ्टवेअर. पॉलिशवाल्यानेही काम टाकून बघितलं.

सून म्हणाली, 'एक तरी परत काढून दाखवल्याशिवाय मी झालं म्हणत नाही. कोणाचं काढू?' भिंगरी ओरडली, 'आजीचं!' आणि आलं की पडद्यावर माझं तोंड! खालचा जबडा, वरचा जबडा, गोल गोल फिरत. माझ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. चिरंजीव म्हणाले, 'आई, बंद कर आता, खरं तोंड पण उघडंच आहे तुझं.' तिघंही हसली. एकदम, तिघंही.

जाताना 'पुन्हा कधी?' असं कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

रविवार, ९ मार्च

सुनेचा फोन. 'आई, रात्रीची नक्कल नीट झाली. मी घरूनच बघितलं.' म्हणजे हिला घरी बसून सगळं दिसतं! करताही येतं म्हणे. 'मग येतेस कशाला इतक्या लांब?' असं ओठांवर आलं होतं. गिळलं. शहाणी आहे मी.

शुक्रवार, १४ मार्च

कंपनीवाल्याचा फोन वाजत होता, चिरंजीवांनी उचलला नाही. हात मेणात होते म्हणे. मेण वापरून किती वर्षं झाली!

मंगळवार, १८ मार्च

आज मनात पाप आलं. ते कुशीवरचं मोठं लेबल काढून टाकावं. मग कोणाला कळणार कुठे दाबायचं? पॉलिशवाला जेवायला गेल्यावर कोठीत शिरले. नख लावायला गेले, तर लेबल नाहीच! बाकीची सगळी जागच्या जागी. खाली पडलंय का म्हणून वाकले, गुडघ्याने शिव्या दिल्या. कुठे नाही.

गुरुवार, २० मार्च

चिरंजीव सुनेला फोनवर: 'लेबल? कसलं लेबल? इथे काही नाही. मला नाही सापडत, तूच ये.'

मी मागे कपडे भिजवत होते. त्याच्या निळ्या शर्टाच्या खिशात सापडलं, चिकट बाजू आत करून घडी घातलेलं. होतं तसं ठेवून दिलं. तो शर्ट उद्या धुईन.

एका बटणाचं काम. तीही घरून पुसते म्हणाली नाही. रविवारी येते म्हणाली, भिंगरीला घेऊन, सकाळीच. तेवीस तारीख.