अभिमनच्या गाडीचे पट्टे

पारोळा,
८ डिसेंबर १९९७

चि. लता हिस आबाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईच्या गुडघ्याची सूज उतरली का, कळव. तुझ्या माहेरी साक्रीला इकडच्यापेक्षा जास्त थंडी असेल. हरभरा बरा आहे.

मागच्या आठवड्यात रुपचंद आला होता, अभिमनच्या रेजिमेंटमधला. अभिमनने त्याच्यामार्फत परदेशातून एक डबा मागवला होता. डबा आला तेव्हा अभिमन या जगात नव्हता. इतके दिवस आणून द्यायचा धीर झाला नाही, म्हणाला.

आत, अभिमन घरी जोडत होता त्या छोट्या रणगाड्याचे पट्टे होते. तुला आठवेल, मूळ खोक्यातला रबरी पट्टा त्याला पटला नव्हता. खरा पट्टा चाकांवर झोळीसारखा लोंबतो, हे तो सुटीभर तुला समजावत होता. हे रेझिनचे, ओतीव प्लॅस्टिकसारखे आहेत. एकेक कडी सुटी. तारेच्या बारीक तुकड्यांनी जोडल्या की पट्टा खरोखर फिरतो.

तुझ्या सासूने डबा देवघरात ठेवला, हात लावू देईना. मग तिनेच काढून माझ्यापुढे ठेवला. मी ओट्यावर उन्हात बसून जोडायला घेतलं. रेझिन काचेसारखं कडक. काही कड्या माझ्या बोटांत मोडल्या, पण जादा होत्या. काल दुपारी दोन्ही पट्टे चढवले.

तिने गाडी सतरंजीवर ढकलली. पट्टे फिरले. ती बराच वेळ मागे-पुढे करत राहिली. मग म्हणाली, "हाऊ चालस. मना पोऱ्या का बरं नही?"

सरावात वाळूवर त्याचा रणगाडा उलटला, एवढंच आपल्याला कळवलं. त्यापुढचं मलाही ठाऊक नाही.

लता, एवढं लिहिलं, पण मुख्य गोष्ट लिहायला हात धजत नव्हता. दिवाळीनंतर तुझे वडील गिरधरभाऊ मला बाजारात भेटले. धुळ्याचं स्थळ आलंय, माणूस शांत आहे, पण पारोळ्याच्या आबा-आईला कोण बघेल म्हणून तू नाही म्हणालीस, असं त्यांनी सांगितलं. विचार करून कळवतो म्हणालो, आणि घरी कुणाशी बोललो नाही. तुझा नकार मला बरा वाटला होता. तू आमची राहिलीस तर त्याचं काहीतरी घरात राहील, असं वाटायचं.

काल पट्टे चढल्यावर तिला सगळं सांगितलं. तिने गाडी उचलून देवघरात ठेवली. मग म्हणाली, "लताले लिखा. आमनासाठे बसू नको म्हना. लगीन करी ले."

माझंही सांगणं तेच आहे. होकार दे. लग्नाला आम्हाला बोलावू नकोस. बोलावलंस तर ती येईल, आणि तिला सोसणार नाही. गाडी तुला पाठवावी असं मनात होतं, पण नव्या घरात ती कुठे ठेवशील? इथेच राहू दे.

दीड वर्ष झालं, तुझ्या नावाआधी नुसतं 'चि.' लिहून पेन थांबतं. पुढच्या पाकिटावर मला 'सौ.' लिहू दे, पोरी.

तुझा,
तोताराम आबा