कागदी प्लेटांचा पुडा

२ फेब्रु., रवि.
झाला एकदाचा पहिला घरबदल! उर्दू शाळेच्या सातवीतल्या मुली आज आमच्या शाळेतल्या मुलींच्या घरी जेवल्या. पुढच्या रविवारी आमच्या मुली त्यांच्याकडे. गावात ते व्हॉट्सॲप स्टेटसचं प्रकरण होऊन दुकानं बंद पडली, तेव्हापासून मी आणि तिकडच्या नसरीनबाई दारोदार फिरून घरं गोळा करतोय. आमच्याकडे अल्फिया आली. माझ्या प्रज्ञाशी आधी बोलेना, मग थांबेना. कडक भाकरी, शेंगाचटणी, वांगं. मी सगळा वेळ स्वयंपाकघरात. आईनं पानं मांडली. निघताना पोरगी जरा गप्प वाटली. दमली असेल.

३ फेब्रु., सोम.
दमली नव्हती.
मधल्या सुट्टीत नसरीनचा फोन. अल्फिया परत येणार नाही म्हणते, तिची आईही नको म्हणते. "उसकू कागज की प्लेट दिए, बाजी. बाकी सब स्टील में खाए बोली."
कान तापले माझे. सलोख्याचा उपक्रम माझा, आणि वेगळं पान माझ्याच घरात. आमच्या घरात! भिंतीवर कोणाचा फोटो आहे ते तरी बघायचं!
घरी आल्या आल्या आईवर तुटून पडले. आजोबांना गावाकडच्या हॉटेलात वेगळा कप असायचा, बाहेर ठेवलेला, स्वतःच विसळायचे. "तूच सांगितलंस ना मला? विसरलीस?"
आईचं भाकरी थापणं थांबलं नाही. "इसरले न्हाय म्हणूनच पुडा आणला की. आपल्या ताटात नको म्हणणारी मानसं लई बगितल्यात मी. त्या पोरीवर नको म्हणायची पाळी कशाला आणायची? कागदाचं ताट कुनाचंच नसतंय."
म्हणजे ती अल्फियाला वेगळं बसवत नव्हती. स्वतःच बाजूला होत होती. या वयात, स्वतःच्या घरात.
जेवले नाही. राग आईवरचा गेला, पण गेला म्हणजे कुठे जाणार? ज्यांनी तिला हे शिकवलं त्यांच्यातलं कोण आज माझ्यासमोर उभं आहे?

५ फेब्रु., बुध.
नसरीनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अल्फियाच्या आईनं प्रज्ञासाठी नवं कोरं ताट आणून ठेवलंय. आमच्या ताटात मटण खातात असं कोणी म्हणायला नको, म्हणून.
वा! दोन्ही घरं एकमेकांना घाबरून खरेदी करताहेत. दुकानदाराचं भलं झालं.
अल्फियाच्या आईला तू समजावशील का, विचारलं. "बोलके देखती." संध्याकाळी तिचा फोन, "उनो हौ बी नई बोले, नक्को बी नई बोले."

८ फेब्रु., शनि.
उपक्रम चालवणाऱ्या मंडळाची बैठक. डोकं अजून भणभणतंय. अध्यक्ष पाटीलसरांनी तोडगा काढला: मंडळातर्फे स्टीलची ताटं घ्यायची, त्यावर उपक्रमाचं नाव घालायचं, प्रत्येक घरी एक द्यायचं. पाहुण्या मुलीसाठी. टाळ्या पडल्या!
उठले. म्हटलं, "सर, कागदाचं स्टील झालं. वेगळं ते वेगळंच राहिलं."
"मॅडम, तुम्ही भावनिक होताय. मुळात गडबड तुमच्याच घरी झाली."
झाली ना. म्हणूनच बोलतेय! पण कोणी ऐकेल तर शपथ. चहा आला, विषय संपला. उद्याचं जेवण रद्द. रमजाननंतर बघू, म्हणे. रमजान झाला की परीक्षा, परीक्षा झाली की सुट्टी, जूनपासून या पोरी वेगवेगळ्या शाळांत. "बघू" म्हणजे काय ते आम्हाला कळत नाही असं वाटतं यांना. मुलींनी एकमेकींच्या घरी जाण्यापेक्षा नाव घातलेल्या ताटांचा फोटो बरा दिसतो.
प्रज्ञा विचारते, "अल्फिया माझ्यावर रागावलीय का?" काय सांगू?

९ फेब्रु., रवि.
सकाळी आई ठेवणीतली पांढरी साडी नेसून तयार. "मला त्या पोरीच्या घरी घिऊन चल. मंडळाला इचारायचं न्हाय."
गेलो तिघी. प्रज्ञा, आई, मी. अल्फिया आत निघून गेली. तिच्या आईनं बसवलं, चहा नको म्हटल्यावर जेवायलाच वाढायला घेतलं. आईपुढे ते नवं ताट, दुकानाचं लेबल तसंच. आईनं ते बाजूला सारलं. "ह्ये नको, बाई. तुमी जेवता त्यातलं द्या."
त्या बाईनं मांडणीवरचं एक पोचे आलेलं ताट काढलं, पदरानं पुसलं, पुन्हा पुसलं. आई खिचडी-खट्टा पोटभर जेवली. मी खाली मान घालून जेवले, कारण डोळे भरले होते.
निघताना अल्फिया दारात आली. थेट आईलाच विचारलं, "वो कागज की प्लेटां फेंक दिए क्या, दादी?"
आई खोटं बोलत नाही. "न्हाय."
पोरगी परत आत गेली. येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही.
घरी आल्यावर मी पुडा कचऱ्यात टाकायला उचलला. आईनं हातातून काढून घेतला. "त्या पोरीचं कळलं मला. पर दुसरं कोन आलं तर?"
ओरडले. ती ऐकून घेत राहिली. पुडा फळीवर आहे.